चावडीवर भरणारा कायद्याचा वर्ग

सुक दास हा अरुणाचल प्रदेशातल्या अनिनी या दुर्गम ठिकाणचा एक सरकारी कर्मचारी. बदलीचे आदेश रद्द व्हावेत म्हणून त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी साहाय्यक अभियंत्याला धमकावले, असा आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आला. वकील लावण्याइतके पैसे त्याच्याकडे नव्हते. खटला वकिलाशिवायच चालला आणि त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. प्रकरण गुवाहाटी उच्च न्यायालयात गेले. सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क त्याला होता हे तिथे मान्य झाले, पण त्याने तसा अर्जच केला नव्हता, म्हणून खटल्यात काही चूक झाली नाही असे ठरले. सर्वोच्च न्यायालयाने मात्र १९८६ साली ती शिक्षा रद्द केली. सरन्यायाधीश प्र. न. भगवती यांचा मुद्दा सरळ होता. आपल्याला असा काही हक्क आहे हेच ज्याच्या कानावर गेलेले नाही, त्याच्याकडून अर्जाची अपेक्षा कशी करायची? हक्क सांगण्याची जबाबदारी न्यायाधीशाची होती आणि ती पार पाडली गेली नव्हती.

त्याच निकालपत्रात भगवतींनी आणखी पुढचे लिहिले आहे. खेड्यात राहणाऱ्यांपैकी सुमारे ७० टक्के लोक निरक्षर आहेत, आणि कायद्याने दिलेले हक्क ठाऊक नसणारे त्याहूनही जास्त आहेत. शिकलेल्या माणसालाही आपले हक्क माहीत नसतात. या अज्ञानामुळेच गरिबाची फसवणूक होते, तो नाडला जातो. म्हणून लोकांना कायदा सांगणे हे मोफत कायदेविषयक मदतीच्या चळवळीतले एक मुख्य काम आहे. गावाच्या चावडीवर, समाजमंदिरात, शाळेच्या वर्गात, तुरुंगाच्या बराकीत आणि बागेतल्या बाकांवर जे मोफत कायद्याचे वर्ग आज भरतात, त्यांच्या मुळाशी ही भूमिका आहे. पुढचे लेखन महाराष्ट्रातल्या अशा वर्गांविषयी आहे.

या कामाची मुंबईतली परंपरा जुनी आहे. गरिबांना वकिली मदत मिळावी म्हणून बॉम्बे लीगल एड सोसायटी १९२४ साली स्थापन झाली. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये मुंबई सरकारने या विषयावर समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते न्यायमूर्ती न. ह. भगवती, म्हणजे सुक दास खटल्याचा निकाल देणाऱ्या भगवतींचे वडील. पुढे १९७३ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या समितीचा अहवाल आला. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत अनुच्छेद ३९-क आला आणि समान न्याय व मोफत कायदेविषयक साहाय्य हे राज्याचे कर्तव्य ठरले. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम संसदेने १९८७ साली मंजूर केला, पण तो अमलात यायला ९ नोव्हेंबर १९९५ उजाडला. मधली आठ वर्षे कायदा कागदावरच होता. तो दिवस आता विधी सेवा दिन म्हणून पाळला जातो.

या अधिनियमामुळे दिल्लीपासून तालुक्यापर्यंत एक रचना उभी राहिली. राष्ट्रीय प्राधिकरण, त्याखाली राज्याचे, जिल्ह्याला जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली विधी सेवा प्राधिकरण आणि तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती. कलम १२ प्रमाणे महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, दिव्यांग, कोठडीतले बंदी, औद्योगिक कामगार, आपत्तीग्रस्त यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. कारखान्याच्या मालकाची बायकोसुद्धा, केवळ स्त्री आहे म्हणून, त्याला पात्र आहे. ही गोष्ट सुशिक्षित घरांतही क्वचितच ठाऊक असते. लोकांत, विशेषतः दुर्बल घटकांत, कायद्याची जाण पसरवणे हेही याच अधिनियमाने प्राधिकरणावर सोपवलेले काम आहे. म्हणजे कायद्याचा वर्ग ही कुणाची समाजसेवा नाही, ते सरकारचे कायद्याने ठरलेले काम आहे. गावाला तो वर्ग हवा असेल तर तो मागता येतो.

प्रत्यक्षात काय घडते? तालुक्याहून पत्र येते, ग्रामसेवक हॉल झाडून घेतो, बॅनर लागतो. न्यायाधीश, वकील संघाचे पदाधिकारी, गटविकास अधिकारी, पोलीस निरीक्षक व्यासपीठावर बसतात. दीपप्रज्वलन, स्वागत, सत्कार. मग एकामागून एक भाषणे. एक वक्ता घरगुती हिंसाचाराविषयी बोलतो, दुसरा लहान मुलांच्या संरक्षणाविषयी, तिसरा लोकअदालतीविषयी. दोन तासांत चार-पाच कायदे सांगून होतात, हजेरीच्या वहीवर सह्या होतात, फोटो निघतो आणि शिबिर संपते. या सगळ्यांचा हेतू चांगला असतो, यात शंका नाही. दिवाणी खटल्यांच्या ओझ्याखाली दबलेला न्यायाधीश सुटीच्या दिवशी चाळीस किलोमीटर प्रवास करून येतो, त्याबद्दल कृतज्ञताच हवी. पण व्यासपीठावरून ऐकलेला कायदा दुसऱ्या दिवशी तलाठ्याच्या टेबलासमोर आठवत नाही. शिबिर एकदा होते. वर्ग पुन्हा भरावा लागतो, तोही त्याच माणसांसाठी.

खरे शिक्षण बहुतेक वेळा कार्यक्रम संपल्यावर सुरू होते. हॉल रिकामा होत असतो, आणि एखादी बाई प्लॅस्टिकच्या पिशवीतून घडी घातलेले कागद काढते. सातबारा, फेरफाराची नक्कल, वडिलांच्या मृत्यूचा दाखला. तिचा प्रश्न ठरलेला असतो. वडील गेल्यावर भावाने तालुक्याला नेले, सही घेतली, ती सही कशावर होती?

इथे कायदा शिकवणाऱ्याची कसोटी लागते. चांगला शिक्षक आधी कागद वाचतो. वारसनोंद झाली आहे की हक्कसोडपत्र नोंदले गेले आहे, हा पहिला प्रश्न. वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे अर्ज, मृत्यूचा दाखला आणि वारसांचे प्रतिज्ञापत्र लागते. नाव आधी वारस रजिस्टरला, म्हणजे गाव नमुना ६-क ला चढते, मग फेरफार होतो. फेरफाराची नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत असते, आणि मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो. या सगळ्यात बहिणीने हक्क सोडण्याचा प्रश्नच येत नाही. हक्कसोडपत्र हा वेगळा दस्त आहे. जमिनीबाबत तो दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो. तलाठ्यापुढे तोंडी ‘मला काही नको’ म्हटल्याने किंवा साध्या कागदावर सही केल्याने मुलीचा हिस्सा जात नाही. पण नोंदणीकृत दस्तावर स्वखुशीने सही झाली असेल तर गोष्ट अवघड होते. फसवणूक झाली असेल तर ती कळल्यापासून तीन वर्षांच्या आत न्यायालयात जावे लागते. ही तीन वर्षांची मुदत सांगायला जो शिक्षक विसरतो, त्याने बाकी सगळे सांगूनही बाईचे नुकसानच होते.

मुलींच्या हिश्श्याबाबत महाराष्ट्र देशाच्या पुढे होता, हेही अशा वर्गात सांगण्यासारखे आहे. राज्याने २२ जून १९९४ पासून हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हिस्सा दिला, पण त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुलींना वगळले. केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ ला आली आणि तिने विवाहित-अविवाहित हा भेद काढून टाकला. त्या दिवशी वडील हयात असायला हवेत की नको, हा वाद त्यानंतर पंधरा वर्षे चालला. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात तो मिटवला: वडील हयात असण्याची अट नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र कायम राहतात. आणि हा कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही, मुस्लिमांचा वारसा कायदा वेगळा आहे. नंदुरबारच्या पाड्यावर आणि सांगलीच्या वाडीवर एकच तक्ता टांगून चालत नाही तो यामुळे.

शेतकरी संघटनेने हा विषय वेगळ्याच वाटेने गावात नेला होता. १९८६ साली चांदवडला महिलांचे मोठे अधिवेशन झाले आणि १९९० च्या आसपास शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली: शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा एक हिस्सा बायकोच्या नावे करावा. तिथे कायदा शिकवणारा वकील नव्हता. गावच्या सभेत पुरुषांसमोरच सातबाऱ्यावर नाव कुणाचे, नवरा गेल्यावर बाईच्या हातात काय राहते, हे बोलले गेले. राज्य सरकारनेही १९९२ मध्ये पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लावण्यासाठी आदेश काढला. मागणी गावातून आधी उठली आणि सरकारी कागद मागाहून आला, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

राज्याची सीमा ओलांडली की बाईच्या हातात काय राहते याचे उत्तरही बदलते. शेजारच्या गोव्याचे वारसाहक्काचे आणि लग्नाचे नियम पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेले आहेत. तिथे वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मिळकत सामाईक मानली जाते. पण लग्न नागरी निबंधकाकडे दोनदा सह्या करून पक्के होते. पहिल्या सहीने फक्त इरादा नोंदवला जातो. दुसऱ्या सहीआधीच मुलाने पाठ फिरवली तर मुलीच्या हाती काही उरत नाही. गोव्यात महिलांसाठी कायद्याचा कोणताही वर्ग घ्यायचा झाला तर या दुसऱ्या सहीपासूनच सुरुवात करावी लागते.

लोकांनी स्वतः भरवलेल्या कायद्याच्या वर्गाचे सर्वांत समृद्ध उदाहरण मात्र गडचिरोली जिल्ह्यात आहे. धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे सुमारे पाचशे वस्तीचे गोंड गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा पुष्कळांना माहीत आहे. त्या घोषणेमागची रोजची मेहनत तेवढी माहीत नाही. देवाजी तोफा आणि गावकरी, आणि त्यांच्यासोबत ‘वृक्षमित्र’चे मोहन हिराबाई हिरालाल, यांनी तिथे अभ्यासगट नावाची पद्धत रुजवली. अभ्यासगटाला ज्याला यायचे तो येतो. बाहेरगावचा माणूसही बसू शकतो. तिथे चर्चा होते, कागद वाचले जातात, शंका विचारल्या जातात, पण निर्णय होत नाही. निर्णय ग्रामसभेत, तोही बहुमताने नाही, सर्वांच्या सहमतीने. एकाचा विरोध असेल तर विषय पुन्हा अभ्यासाला जातो. शिकणे आणि ठरवणे वेगळे ठेवल्यामुळे शिकताना कुणाला हरण्या-जिंकण्याची काळजी राहत नाही. कायदा शिकवणाऱ्या कुठल्याही संस्थेने मेंढ्याकडून घ्यावे ते हेच.

या अभ्यासाचे विषय गावाच्या गरजेतून आले. मधमाश्या न मारता मध कसा काढायचा, याचाही अभ्यासगट झाला. जंगलाचा अभ्यास करताना गावाने आपले जुने निस्तार हक्क, म्हणजे घरगुती गरजांसाठी जंगल वापरण्याचे हक्क, कोणते, ते कोणत्या कागदावर आहेत, हे शोधले. २००६ चा वनहक्क कायदा आला तेव्हा तो समजून घ्यायला गावाला कुणी व्याख्याता लागला नाही, वीस वर्षांचा सराव होता. सामूहिक वनहक्काचा दावा ग्रामसभेने तयार केला आणि २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाचा हक्क मान्य झाला. देशातल्या अशा पहिल्या काही गावांत मेंढा होते.

पण खरा धडा बांबूचा होता. हक्क मिळाला, तरी तोडलेला बांबू गावाबाहेर न्यायचा तर वनखात्याचा वाहतूक परवाना लागत होता आणि तो मिळत नव्हता. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात ‘झाड’ या शब्दाच्या व्याख्येत बांबू धरलेला होता. झाड म्हणजे इमारती लाकूड, आणि लाकडावर सरकारचा ताबा, अशी खात्याची समजूत होती. २००६ च्या कायद्यातली गौण वनोपजाची व्याख्या मात्र बांबूचे नाव घेऊन सांगते की तो गौण वनोपज आहे, आणि गौण वनोपजाची मालकी वनात राहणाऱ्यांची आहे. दोन कायद्यांतली दोन कलमे शेजारी ठेवून वाचणे, नवा कायदा जुन्याहून वरचढ का ठरतो ते समजून घेणे आणि अधिकाऱ्यापुढे न चिडता तेच कलम पुन्हापुन्हा मांडणे, एवढे गावाने केले. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्यासह मेंढ्यात आले आणि वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आले. ज्या जंगलातला बांबू कधीकाळी कागद गिरणीसाठी तोडला जाई, त्या जंगलातला बांबू गावाने स्वतःच्या परवान्यावर विकला. पुढे २०१३ मध्ये गावाने महाराष्ट्र ग्रामदान अधिनियमाचा आधार घेऊन ग्रामदानाचा निर्णय घेतला. तो कायदा १९६४ चा. तो शोधून काढला तोही गावाने.

मेंढ्याचे यश पाहून एक शंका घेतली जाते: तिथे जाणते कार्यकर्ते होते, सगळीकडे कुठून आणायचे? शंका खोटी नाही. पण तिला उत्तर देणारी उदाहरणे राज्यात आहेत. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली होती, तरी ठाणे जिल्ह्यातल्या वाड्या-पाड्यांवर ती चालूच होती. १९८० च्या दशकात श्रमजीवी संघटनेने तो कायदा वेठबिगारांपर्यंत नेला तेव्हा माणसे सुटू लागली. कायदा सांगणाऱ्याकडे सनद असावीच लागते असे नाही. त्याला सोबत राहावे लागते.

शहरातल्या वर्गांची तऱ्हा निराळी आहे. ग्राहकहिताचे काम पाहा: मुंबईत नऊ महिलांनी १९६६ मध्ये कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी सुरू केली, १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली, पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली, आणि ग्राहक संरक्षण कायदा आला तो १९८६ मध्ये. म्हणजे वर्ग आधी भरले, कायदा नंतर झाला. आज ग्राहक आयोगात वकील लावणे बंधनकारक नाही आणि पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही. एवढे जरी प्रत्येक गृहनिर्माण सोसायटीच्या सभेत सांगितले गेले तरी पुष्कळांचे पैसे वाचतील.

माहितीच्या अधिकाराचे वर्ग हा शहरी महाराष्ट्राचा अभिमानाचा विषय आहे. राज्याचा माहितीचा कायदा २००२ मध्ये आला, देशाचा २००५ मध्ये. लोकांना या कायद्याचे शिक्षण देण्याचे काम केंद्राच्या अधिनियमाच्या कलम २६ ने सरकारवर टाकले आहे. ते काम पुण्यात नागरिकांनी हाती घेतले. मॉडेल कॉलनीतल्या चित्तरंजन वाटिकेत रविवारी सकाळी भरत आलेला माहिती अधिकार कट्टा हा त्यातला एक. ना नोंदणी, ना फी, ना व्यासपीठ. कुणी नळाच्या बिलाचा प्रश्न आणतो, कुणी पेन्शनचा, कुणी गल्लीतल्या रस्त्याचा, आणि जमलेली माणसेच एकमेकांचा अर्ज दुरुस्त करतात.

अर्ज दुरुस्त करणे म्हणजे नेमके काय, ते जवळून पाहण्यासारखे आहे. नवखा माणूस लिहितो: आमच्या गल्लीतला रस्ता अजून का झाला नाही? जाणकार तो प्रश्न खोडतो. ‘का’ विचारले की उत्तर टाळता येते. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्ये म्हटले आहे की एखादी गोष्ट का झाली किंवा का झाली नाही याचे स्पष्टीकरण देणे म्हणजे माहिती देणे नव्हे. म्हणून मागायचे कागद: त्या रस्त्याचा कार्यादेश, अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेची नक्कल, ठेकेदाराला दिलेल्या देयकांच्या प्रती. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालच्या व्यक्तीला तोही माफ. ३० दिवसांत उत्तर, आणि कुणाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत. अर्ध्या तासात माणूस तक्रार करणारा न राहता कागद मागणारा होतो. भाषण ऐकून हा बदल होत नाही, स्वतःच्या हाताने अर्ज लिहूनच होतो.

घरातल्या मारहाणीविषयीच्या वर्गांत सगळ्यात मोठी अडचण भीतीची असते. ‘पोलिसात गेलं की संसार मोडतो’ हे वाक्य प्रत्येक गावात ऐकू येते. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा, जो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला, तो ही भीती ओळखून केलेला आहे. गुन्हा न नोंदवताही बाई संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा थेट दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करू शकते: मला मारू नये असा आदेश द्या, मला या घरात राहू द्या, मुलांच्या खर्चाला पैसे द्या. घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असले तरी तिला तिथे राहण्याचा हक्क मागता येतो. हे ऐकताना वर्गातल्या बायका पहिल्यांदा मान वर करतात. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांसोबत महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, आणि ती कल्पना नंतर राज्यभर पसरली. पोलीस ठाण्याच्या आवारात बसलेली समाजकार्यकर्ती हा गावातल्या वर्गाचा पुढचा टप्पा आहे. वर्गात तिचे नाव, तिचा वार आणि तिची खोली कुठे आहे हे सांगितले नाही तर बाकीचे सांगणे अपुरे राहते.

तुरुंगातल्या वर्गांकडे मात्र फार कमी लक्ष जाते. बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षे खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांचे हुसैनारा खातून प्रकरण १९७९ चे. तरीही आज पहिल्यांदाच आरोपी झालेल्या कैद्याला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७९ ठाऊक नसते. जन्मठेप किंवा फाशीची शिक्षा असलेला गुन्हा नसेल आणि दुसरे खटले प्रलंबित नसतील, तर कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश मुदत कोठडीत गेल्यावर त्याला बंधपत्रावर सोडले पाहिजे, आणि त्यासाठी अर्ज करणे हे कारागृह अधीक्षकाचे काम आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले की हा लाभ जुन्या खटल्यांतल्या कैद्यांनाही मिळतो. ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र आले नाही तर जामिनाचा हक्क मिळतो, हेही तसेच. बराकीत आठवड्यातून एकदा बसून प्रत्येकाची अटकेची तारीख आणि कलम वहीत लिहून घेतले, तरी किती जणांची सुटका अडली आहे ते समोर येईल.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा यांची जागा नव्या तीन कायद्यांनी घेतली, आणि शाळा-ग्रामपंचायतींच्या भिंतींवर लावलेले जुने तक्ते एका दिवसात निकामी झाले. खुनाचे ‘तीनशे दोन’ आता १०३ झाले, फसवणुकीचे ‘चारशे वीस’ ३१८ मध्ये गेले, पोटगीचे १२५ कलम १४४ झाले. लोकांच्या उपयोगाच्या नव्या तरतुदीही आल्या. गुन्हा कुठेही घडला असला तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात प्रथम खबर देता येते. ती इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिली तर तीन दिवसांत सही करावी लागते. खबरेची प्रत फुकट मिळते. नव्याने वर्ग घ्यायला याहून मोठे कारण काय हवे?

मग हे वर्ग घ्यायचे कुणी? राष्ट्रीय प्राधिकरणाने २००९ मध्ये विधी स्वयंसेवकांची योजना आणली. अंगणवाडी सेविका, शिक्षक, विद्यार्थी, निवृत्त कर्मचारी, इतकेच काय, दीर्घ शिक्षा भोगणारे चांगल्या वर्तणुकीचे शिकलेले कैदीसुद्धा विधी स्वयंसेवक होऊ शकतात. कायद्याच्या महाविद्यालयांनाही मदत केंद्र चालवावे लागते. माणसे आहेत, पैशांची तरतूदही आहे. कमी आहे ती सातत्याची. तालुका समितीने वीस गावांत एकेक शिबिर घेण्यापेक्षा पाच गावांत महिन्याच्या ठरलेल्या वारी वर्ग भरवावा. आठवडे बाजाराच्या दिवशी, पंचायत समितीच्या आवारात, एक स्वयंसेवक आणि एक वकील. विषय आधीपासून ठरवू नये, लोकांनी आणलेल्या कागदांतून तो ठरू द्यावा. कोऱ्या अर्जांचे नमुने सोबत असावेत, आणि १५१०० हा प्राधिकरणाचा मोफत दूरध्वनी क्रमांक फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेला असावा.

हजेरीची वहीही बदलावी. सध्या तिच्यात शिबिराची तारीख, विषय आणि उपस्थितांची संख्या लिहिली जाते, आणि तेवढाच हिशेब वर पाठवला जातो. त्याऐवजी तीन रकाने ठेवावेत: माणसाने कोणता प्रश्न आणला, त्याला कुठे पाठवले, आणि पुढच्या महिन्यात तो परत आला तेव्हा काय झाले होते. तलाठ्याने नोंद घेतली का, संरक्षण अधिकाऱ्याने भेट दिली का, माहिती अधिकाऱ्याचे उत्तर आले का. एका तालुक्याची वर्षभराची अशी वही जिल्हा न्यायाधीशांच्या टेबलावर गेली, तर कोणत्या कार्यालयात लोक सर्वाधिक अडतात हे त्यांना अहवालाशिवाय दिसेल, आणि पुढच्या वर्षी वर्ग कुठे भरवायचा, कुणाला त्या वर्गात उत्तर द्यायला बोलवायचे, हेही त्यातूनच ठरवता येईल.